खाल्लेल्यानं आधी हसायचं

पुष्पानं मोबाईल नवऱ्याच्या नाकासमोर धरला. "बघा तरी, तुमचा दोस्त कसा झळकलाय ते."

सावळेराम नुकताच गोठ्यातून आला होता. हाताला शेण होतं, म्हणून तिनंच बोट लावून व्हिडिओ सुरू केला. पडद्यावर दादाभाऊच्या अंगणातली बाज दिसली. बाजेवर दोघं मांडीला मांडी लावून बसलेले. एक दादाभाऊ, सावळेरामचा लहानपणापासूनचा दोस्त. दुसरा त्याचा नवाकोरा व्याही, आण्याच्या पठारावरचा हौशीराम. फेटा कडक, मिशी त्याहून कडक. व्हिडिओ काढला होता प्रतिभानं. ती हौशीरामची लेक, गेल्या उन्हाळ्यात दादाभाऊच्या गोकुळची बायको होऊन बोरीत आलेली. खाली तिनं लिहिलं होतं, "बोरी विरुद्ध आणे! व्याह्यांच्या कोपरखळ्या!!" आणि पुढं हसून हसून रडणारी पिवळी तोंडं.

"परवा माझ्या गोठ्यात बिबट्या शिरला व्हता," पडद्यावरचा दादाभाऊ सांगत होता. "मी आपला घोंगडीत. त्यानं माझा वास घेतला, न् निघाला माघारी."

"का वो? शिळा वाटला का काय तुमी?" हौशीराम म्हणाला.

"शिळं-बिळं काय न्हाई. त्यानं इचारलं, हौशीरामचं घर कुठाय? मी आण्याकडं बोट दावलं!"

हौशीराम मांडीवर थाप मारून असा हसला की बाज करकरली. मोबाईल धरणारी प्रतिभाही हसत असावी, कारण चित्र हललं.

सावळेराम हसला नाही. अहो, कसा हसेल? बिबट्या सावळेरामच्या गोठ्यात शिरलेला. घोंगडीत सावळेराम होता. तेव्हा दादाभाऊ म्हणाला होता, "शिळं हाय म्हणून सोडलं तुला," आणि सावळेरामनं जागच्या जागी जबाब दिला होता की त्यानं दादाभाऊचं घर विचारलं, मी बोट दावलं. डेअरीवर माणसं पोट धरून हसली होती. आता गोठा गेला, बिबट्या गेला, जबाब गेला आणि सावळेरामचं नाव तर कुठंच नाही. घरातलं भांडं कुणी परक्याच्या रुखवतात मांडावं, तसं झालं.

"न् वर कोपरखळ्या म्हणं!" तो फिस्कारला. "त्या पोरीला म्हाईत तरी हाय का कोपरखळी म्हंजी काय?"

"काय असतंय? टोमणाच की," पुष्पा म्हणाली.

झालं! सावळेराम शेणाचे हात तसेच घेऊन उंबऱ्यावर बसला आणि त्यानं बायकोची शाळाच घेतली. टोमणा म्हंजी काय? मारणारा हसतो न् खाणारा आठ दिवस कुढतो. चेष्टा म्हंजी काय? ती कुणीबी कुणाचीबी करावी, गावच्या येड्याचीसुद्धा. टोला हाणायचा तो दुश्मनाला. कोपरखळी तशी नसती. कोपरखळी शेजारी बसलेल्याला मारायची, आपल्या माणसाला, आणि तिचा एकच नियम. "खाल्लेल्यानं आधी हसायचं. तो हसला तर कोपरखळी. तो हसला न्हाई, तर मारणाऱ्याचं चुकलं, त्यानं माफी मागायची. मेंढरं वळत व्हतो तवा मी न् दाद्यानं ठरवलंय हे. आण्यावाल्याला काय कळतंय त्यातलं?"

पुष्पानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग मोबाईल पदराला पुसत म्हणाली, "मंग आता तुमी का हसत न्हाई?"

ज्याच्या जबाबासाठी माणसं दुधाचे कॅन घेऊन ताटकळायची, तो माणूस उठून मुकाट्यानं हात धुवायला गेला.

सरळ सांगायचं तर तो जळत होता. राग वगैरे म्हणायच्या गोष्टी. पोटात दुखत होतं ते याचं, की जी जागा आपली, तिथं दुसराच बूड टेकून बसलाय.

हे सगळं दिवाळीपासून सुरू झालं, असं त्याचं म्हणणं. त्याआधी रोज सकाळी दोघं दूध डेअरीच्या बाकावर टेकायचे. दूध घालून झालेली माणसंही तिथंच घुटमळायची. डेअरीवाला ओरडायचा, "वता न् निघा राव, हितं काय तमाशा हाय का?" पण कान त्याचाही बाकाकडंच. दादाभाऊनं म्हणावं, "सावळ्या, तुझ्या म्हशीच्या दुधात मासा घावला म्हणं." सावळेरामनं म्हणावं, "तुझ्याच हिरीतला आसंल. पाणी तिथनंच घालतो मी." दादाभाऊ आधी हसायचा, मग बाकीचे.

दिवाळी झाली आणि दादाभाऊ डेअरीवर दिसेना. दूध घेऊन गोकुळ यायला लागला. "बाबा कुठंय रं?" "घरी हायेत तात्या." एवढंच. सावळेराम बाकावर एकटा. एकट्यानं कोपरखळी कुणाला मारायची, बाकाला? डेअरीवाला आता कुणाला हाकलत नव्हता, कारण थांबतच कुणी नव्हतं.

मग ओतूरच्या बाजारात ते झालं. कांद्याच्या रोपांपाशी सावळेरामला पुढं चाललेली ओळखीची पाठ दिसली. त्यानं हाक मारली, "ए दाद्या! आरं ए!" अर्धा बाजार वळून बघायला लागला. भाजीवाली वळली, तिचं पोर वळलं, रस्त्यातली गाय वळली. एकटा दादाभाऊ वळला नाही. शेजारी हौशीराम होता, त्याच्या खांद्यावर हात ठेवून हा सरळ चालत गेला. सावळेरामच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या दिवशी तो रोपं न घेताच घरी आला.

तरी त्यानं एकदा मन मोठं केलं. सांजच्याला दादाभाऊच्या दारात गेला. टीव्ही असा लावलेला की बातम्या पार रस्त्यावर ऐकू येत होत्या. दादाभाऊ दाराकडं पाठ करून बसलेला. सावळेराम खाकरला. पुन्हा खाकरला. "आरं, मेलास का?" म्हणाला. दादाभाऊ ढिम्म. टीव्हीवरचा माणूसच व्याही असल्यासारखा त्याच्याकडं एकटक बघत बसलेला. सावळेरामनं चप्पल परत पायात घातली आणि आल्या पावली माघारी फिरला. चैन चाललीय चैन, त्यानं मनाशी म्हटलं. व्याही मिळाला, टीव्ही मिळाला, आता सावळ्या कशाला लागतोय.

व्याह्याचं काय असतं, ते नातंच थट्टेचं. त्याला हक्क असतो. लग्नात त्याला नाव पुकारून बोलावतात, टॉवेल-टोपी करतात, तो रुसला तर चार माणसं त्याचा रुसवा काढायला धावतात. दोस्ताला काय असतं? गोकुळच्या लग्नात पाण्याचा टँकर सावळेरामनं आणला, पंगती सावळेरामनं उठवल्या-बसवल्या, आणि टॉवेल-टोप्या वाटताना लाउडस्पीकरवर त्याचंच नाव राहून गेलं. तेव्हा तो हसला होता. म्हणाला होता, घरच्या माणसाला कसलं आलंय मानपान. आता मात्र ती न मिळालेली टोपी त्याला रोज डोक्याला टोचायला लागली.

आणि अशात गोकुळ निरोप घेऊन आला. "तात्या, परवा कातरणी हाय. बाबांनी बोलावलंय. आण्याचं पावणं बी येणारेत."

गावात मेंढरं राखणारी आता चार-दोन घरंच उरली होती. बाकीचे ऊस आणि दुभत्याकडं वळले. सावळेरामनं आपली कधीच विकली. दादाभाऊनं मात्र थोडीशी का होईना, ठेवली होती. गोकुळ त्याच्या मागं लागायचा, "इका आता, बिबट्याला किती दिवस चारायचं?" पण तो ऐकायचा नाही. लोकरीलाही आता कुणी विचारत नाही. तरी उन्हाळ्याच्या तोंडाला ती कातरावी लागते, मेंढराच्या जिवाला ओझं होतं म्हणून. म्हणून कातरणी अजून होते. भावकी, पावणे-रावळे आपापल्या कातरी घेऊन येतात आणि गोडाचं जेवून जातात.

कातरणीला जोडी लागते. मेंढरू कुकडी नदीत धुऊन आणायचं, पाय बांधून आडवं करायचं आणि दोघांनी त्याच्या एकाच अंगाला शेजारी-शेजारी बसायचं. एकानं मानेकडून कातर चालवायची, एकानं शेपटाकडून, आणि पोटापाशी गाठ पडायची. कोपराला कोपर लागतं. हात जुळलेले नसले तर कात्रीचा चिरा मेंढराला पडतो. सावळेराम आणि दादाभाऊ मिसरूड फुटल्यापासून जोडीदार. यंदा तिथं हौशीराम बसणार, हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

"जाऊ नका मंग," पुष्पा म्हणाली.

"जाणार. न् असा वागणार की त्याला कळलं पायजे."

त्यानं इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. कातरणीला इस्त्रीचा सदरा! पुष्पानं कपाळावर हात मारून घेतला. पण सावळेरामनं हत्यार ठरवलं होतं. आज तो शिवी देणार नव्हता, चेष्टा करणार नव्हता. आज तो मानानं बोलणार होता. ज्याला जन्मभर "आरं ए दाद्या" म्हटलं त्याला "अहो" म्हणायचं, याहून मोठी कानफटात कुठली?

दादाभाऊच्या मेंढरांच्या वाड्याशेजारच्या रानात लिंबाखाली सगळे जमले होते. सावळेराम समोर जाऊन उभा राहिला, हात जोडले. "रामराम दादाभाऊ. बरं हाय ना तुमचं?"

दादाभाऊनं त्याच्या तोंडाकडं टक लावून पाहिलं. मग हसला. "हां हां. बसा, बसा."

बसा! आपण मारलेली आपल्यालाच लागली, आणि हसू तर मुळीच आलं नाही. त्याला गोकुळबरोबर जोडीला दिलं. पलीकडच्या मेंढरापाशी दादाभाऊ, आणि त्याच्या डाव्या हाताला हौशीराम. प्रतिभा मोबाईल घेऊन इकडून तिकडं फिरत होती.

हौशीरामनं तोंड सोडलं. माणूस बोलायला तिखट होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. "बोरीकरांनो, तुमची मेंढरं धुवायला नदी हाय. आमच्या पठारावर पाणी एवढं कमी, की मातीनं माखल्यालं मेंढरू ढेकूळ समजून आमी नांगरतो!" सगळे हसले. दादाभाऊही हसला. पुन्हा हौशीराम काही म्हणाला, पुन्हा हशा, पुन्हा दादाभाऊ हसला. प्रत्येक हसू सावळेरामला सुईसारखं लागत होतं. त्याची कातर भलतीकडंच चालली होती. मेंढराच्या पाठीवर लोकरीचे झुपके राहत होते. "तात्या, चिरा पडंल," गोकुळ दोनदा म्हणाला.

सावळेराम कसला ऐकतो. त्याचं लक्ष दादाभाऊच्या तोंडाकडं. आणि जळणाऱ्या माणसाची नजर बारीक असते बघा. बाकी कुणाला दिसलं नाही ते त्याला दिसलं. दादाभाऊ उशिरा हसत होता. आधी सगळ्यांचे दात दिसायचे, मग याचे. तोंड उघडायच्या आधी हा डोळ्यांनी चारी बाजूला बघून घ्यायचा. सावळेरामला वाटलं, एवढा का गुलाम झालाय व्याह्याचा, की दुसऱ्याचं हसू बघून हसतोय?

प्रतिभा मोबाईल बाजूला ठेवून चहाचं ताट घेऊन आली, तेव्हा हौशीरामचा आवाज बदलला होता. तो लेकीकडं बघून म्हणाला, "पोरी, तुला सांगितलं न्हाई. आपलं कुत्रं गेलं. बिबट्यानं नेलं. तू शाळंत व्हतीस तवा पिल्लू आणलं व्हतं, वाड्याच्या तोंडाशीच पडलं बघ. मेंढरू एक बी जाऊ दिलं न्हाई त्यानं."

प्रतिभाच्या हातातलं ताट थांबलं. माणसांच्या कातरी थांबल्या. मेंढरं राखणाऱ्याला कुत्रं म्हणजे काय, ते तिथं कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि दादाभाऊ हसला. चांगला मोठ्यानं, मांडीवर थाप मारून.

हौशीरामच्या मिशा थरथरल्या. "हसू येतंय व्हय व्याही?" तो म्हणाला. प्रतिभाचे डोळे भरले होते आणि ती सासऱ्याकडं अशी बघत होती, की हा माणूस कोण, हे तिला आज कळलं.

खोटं कशाला सांगू, सावळेरामला पहिल्यांदा आनंद झाला. निव्वळ, गोड आनंद. बस म्हणावं आता व्याह्याच्या मांडीला मांडी लावून! त्याला काहीसुद्धा करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं. हौशीराम फेटा सावरून उठेल, आण्याला जाईल, बोलणं तुटेल, आणि डेअरीचं बाक पुन्हा दोघांचं होईल. एवढं सोपं.

पण दादाभाऊ अजून हसतच होता. म्हणजे तोंड हसण्याच्या आकारात तसंच राहिलं होतं आणि डोळे एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर धावत होते. काय झालं, काय चुकलं, कुणी सांगेल का? कळपातून चुकलेलं मेंढरू असंच बघतं. ते डोळे फिरत फिरत सावळेरामपाशी आले आणि थांबले.

सावळेरामच्या डोक्यात एकदम सगळं जुळलं. बाजारातली पाठ. रस्त्यावर ऐकू येणारा टीव्ही. उशिरा येणारं हसू. "बरं हाय ना"ला "बसा, बसा". अरे देवा, याला ऐकूच येत नाहीये!

"पावणं!" सावळेराम ओरडला. काय बोलायचं ते त्यालाच माहीत नव्हतं. जिभेला मात्र माहीत होतं, जन्मभराची सवय. "त्याला काय बोलू नका. त्यो तुमाला न्हाई हसला. चूक माझी हाय."

"तुमची?"

"मी तुमच्या पाठीमागनं त्याला तुमची नक्कल करून दावत व्हतो." समोर पडलेला लोकरीचा झुपका त्यानं उचलला आणि नाकाखाली धरला, दोन्ही बाजूंनी वर वळवून. "ही अशी."

कुणीतरी फुर्रकन हसलं आणि लगेच तोंड दाबलं. पांढऱ्या इस्त्रीच्या सदऱ्यातला म्हातारा, नाकाखाली मेंढराची लोकर. हौशीराम लालबुंद झाला. "आमचं लेकरासारखं कुत्रं मेलं, न् तुमाला मिशा सुचतात? वय काय तुमचं?"

"चुकलं माझं. मी ते कुत्र्याचं आयकलं न्हाई," सावळेराम म्हणाला, आणि त्यानं चार माणसांत दोन्ही कान धरले. ज्याचं नाव काढलं की अंगाचा तिळपापड व्हायचा, त्याच्यापुढं कान धरले. कडू औषधसुद्धा याहून बरं. "पोरी, तू बी माफ कर. गोकुळ, पावण्याला तिकडं बाजंवर बसीव, च्या पिऊ दे. हे मेंढरू मी पुरं करतो."

प्रतिभानं डोळे पुसले आणि सासऱ्याच्या हातात चहाचा कप दिला. तिचा राग आता सावळेरामवर होता, तो तिनं कप दाणकन त्याच्यापुढं आदळून दाखवला.

सावळेराम दादाभाऊच्या उजव्या अंगाला बसला. कातर घेतली. कोपराला कोपर लागलं. मान खाली घालून तो पुटपुटला, "कवापासनं?"

"आं?"

सावळेरामनं तोंड पार त्याच्या कानाशी नेलं. "कवापासनं आयकू येईना झालंय, भाड्या?"

दादाभाऊची कातर थांबली. "दिवाळीच्या आदी," तो म्हणाला, आणि आवाज एवढा मोठा निघाला की सावळेरामनं त्याला कोपरानं ढोसलं. मग तो हळू बोलला. "डावा पार गेला. उजव्यात जवळनं बोललं तर येतं. गोकुळला कळू देऊ नगंस. म्हणंल, बिबट्या आला तरी तुमाला कळायचा न्हाई, न् मेंढरं इकून टाकंल."

"ते ऱ्हाऊ दे. मला का न्हाई सांगितलं?"

दादाभाऊनं मेंढराच्या मानेवरची लोकर हातानं मागं सारली. "तू रोज नवं बोलतोस. मला आयकू येत न्हाई, मंग जबाब कुठनं देऊ? पावण्याला आपलं जुनंच सांगतो. ते पाठ हाय मला. तू काय म्हणायचास, मी काय म्हणायचो, समदं. त्यानं आयकलेलं नसतं, म्हणून चालून जातं."

बिबट्याची गोष्ट चोरीला गेली, असं वाटून सावळेरामनं किती रात्री कूस बदलली होती. आणि हा बिचारा त्याच शिदोरीवर दिवस काढत होता. तरीही, माणसाचं मन कसं असतं बघा, आत कुठंतरी अजून जळतच होतं. आपल्याला टाळलं आणि त्याला जवळ केलं, हे काही खोटं नव्हतं. त्यानं रागानं कातरीचे दोन कचके मारले आणि पुन्हा कानाशी वाकला. "कोपर लावीन तवा हस. न्हाईतर तोंड मिटून ऱ्हा."

चहा पिऊन हौशीराम परत आला आणि दादाभाऊच्या डाव्या बाजूच्या मेंढरापाशी गोकुळच्या जोडीला बसला. कुत्र्याचं दुःख त्यानं फेट्यात खोचून ठेवलं होतं आणि सावळेरामचा राग मिशीत. चार गोष्टी सांगितल्या. माणसं पुन्हा हसायला लागली. प्रत्येक वेळी सावळेरामचं कोपर दादाभाऊच्या बरगडीला लागायचं आणि दादाभाऊ वेळेवर हसायचा. यापेक्षा वाईट काम कुणाच्या वाट्याला येऊ नये. ज्याच्या बोलण्यावर जळायचं, त्याच्याच बोलण्याला हसू पुरवायचं! एकदा सावळेरामनं मुद्दाम उशीर केला. दादाभाऊ तोंड मिटून बसला आणि हौशीरामची नजर लगेच त्याच्यावर गेली. सावळेरामला स्वतःचीच लाज वाटली. पुढल्या वेळी त्यानं चुकवलं नाही.

शेवटचं मेंढरू सुटलं. हौशीराम उभा राहिला, कातर झटकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मंडळी, एक गोष्ट माझ्या डोक्यात राहिली व्हती. आमच्या प्रतिभाच्या लग्नात जावई रुसला न्हाई. इहीण रुसली न्हाई. व्याही रुसला न्हाई. मी म्हणलं, रुसल्याबिगर लगीन पार पडलंच कसं? रुसणारं माणूस गेलं कुठं?" त्यानं सावळेरामच्या पांढऱ्या सदऱ्याकडं हात केला. "आज घावलं! सकाळपासनं बगतोय, इस्त्री करून रुसून बसलंय. आवो, कुणीतरी ह्यांना टॉवेल-टोपी करा न् रुसवा काढा!"

लिंबाखाली हशाचा स्फोट झाला. गोकुळ पोट धरून खाली बसला. प्रतिभाचा राग कुठल्या कुठं पळाला, ती पदर तोंडाला लावून हसायला लागली.

सावळेरामला ते थेट लागलं. जी गोष्ट त्यानं बायकोलाही सांगितली नव्हती, ती या पठारावरच्या माणसानं सगळ्यांसमोर उघड्यावर मांडली होती, आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं. हसू हळूहळू ओसरलं. सगळे आता त्याच्याकडं बघत होते. हा चिडतो की काय? हौशीरामही बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर थोडी भीती होती, आपलं चुकलं की काय याची.

आणि शेजारी दादाभाऊ. समोर बघत, तोंड मिटून, बरगडी थोडीशी पुढं करून. सगळ्या रानात एकटा तोच हसला नव्हता. तो वाट बघत होता. सावळेरामनं कोपर लावलं नाही तर तो हसणार नव्हता, मग हौशीरामची गोष्ट पडली असती, आणि सावळेरामची बाजू घेणारा एक माणूस तरी तिथं राहिला असता.

सावळेरामनं दादाभाऊच्या मिटलेल्या तोंडाकडं बघितलं. आणि हसला. आधी नुसता नाकातून, मग खराखुरा, कारण गोष्ट खरंच फक्कड होती आणि हसू त्याला आवरलं नाही. हसता हसता त्यानं दादाभाऊला कोपर मारलं.

दादाभाऊ गडगडून हसला. हौशीरामच्या चेहऱ्यावरची भीती गेली. तो पुढं आला आणि सावळेरामच्या पाठीवर थाप मारली. "पावणं, तुमी हसला म्हणून वाचलो बगा."

गडबडीत दादाभाऊनं कान पुढं केला. "काय म्हणला रं?"

"म्हणला, सावळ्या रुसलाय, त्याला टॉवेल-टोपी करा."

दादाभाऊचं हसू विरलं. त्यानं सावळेरामच्या सदऱ्याकडं पाहिलं, तोंडाकडं पाहिलं. लग्नातलं त्याला आठवलं की काय, कुणास ठाऊक. त्यानं आपल्या डोक्यावरची मळकी टोपी काढली, गुडघ्यावर आपटून तिच्यातली लोकर झटकली आणि दोन्ही हातांनी सावळेरामच्या डोक्यावर ठेवली. नीट बसवली. खांद्यावरचा पंचा काढून त्याच्या खांद्यावर टाकला. माणसांना वाटलं, पुढचा विनोद चाललाय. पुन्हा हशा पिकला. सावळेरामनं मात्र पंच्याचं टोक नीट ओढून घेतलं. तो उठला, टोपी सावरत दादाभाऊला वळसा घालून पलीकडं हौशीरामच्या बाजूला गेला, आणि तिथूनच, दादाभाऊच्या डाव्या अंगानं, पाठीमागून म्हणाला, "पावणं, टोपी झकास हाय. पर आत डोकं कदी व्हतं असं काय वाटत न्हाई!"

हे दादाभाऊला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. डावा कान पार गेलेला, तोंड दुसरीकडं, आणि कोपर पोचेल एवढ्या अंतरावर कुणी नाही.

पण सगळ्यांच्या आधी तोच हसला.